पत्त्यांवरचा दिवाळी फरक

आता गावात कुणालाही विचारा, तो म्हणेल, "आमी तर तवाच म्हणत हुतो." साफ खोटं. तेव्हा कुणी काही म्हणत नव्हतं. गेल्या वर्षी केंद्राचा कायदा आला, मोबाइलवरचे पैशाचे पत्ते बंद झाले, आणि आमच्या गावातले सगळे एका दमात शहाणे झाले. सयाजी सेक्रेटरीचं नाव निघालं की पारावरची मंडळी माना हलवतात आणि 'चांगला माणूस बिघडला' म्हणतात. माझं डोकं तिथंच फिरतं. सयाजी बिघडला नाही. तो जसा होता तसाच राहिला आणि सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

मी भाऊसो. आष्ट्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव आणि गावात माझं पेंड-भुश्श्याचं दुकान. दुकानाची नि दूध संस्थेची भिंत एकच आहे. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ मला सयाजी ऐकू येतो. "काकू, सहा-आठ. ताई, सात-एक." हे फॅटचे आकडे. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तेव्हाही गुरुजींनी चुकून एखादा मार्क जास्त दिला तर हा उठून सांगायचा. त्यापायी आम्हा बाकीच्यांचेही पेपर पुन्हा तपासले जायचे, ही गोष्ट वेगळी.

दूध संस्थेचा सेक्रेटरी म्हणजे काय चीज असते ते शहरातल्यांना कळायचं नाही. बाई किटली घेऊन येते. सेक्रेटरी त्यातलं चमचाभर दूध मशीनला लावतो. मशीन फॅट दाखवतं आणि फॅटवर दर ठरतो. आकडा सेक्रेटरी वाचतो, आणि वाचताना एखादा पॉइंट त्याच्या जिभेवरच विरघळला तर कुणाला कळतंय? कैक गावांत तो विरघळतो आणि सेक्रेटरीच्या घरावर दुसरा मजला चढतो. सयाजीच्या घरावर अजून पत्राच आहे. एकदा चेअरमन उदयसिंहांच्या घरचं दूध पाणचट लागलं, तर त्यानं भर रांगेत गड्याच्या हातात कॅन परत दिला. एकदा खुद्द बायकोच्या दुधाचं फॅट कमी आलं, तर तेही त्यानं आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. वहिनींनी दोन दिवस अबोला धरला. पण शेजारच्या दोन गावांतल्या बायका आपल्या संस्था सोडून ओढा ओलांडून सयाजीकडे दूध घालायला यायच्या. सयाजीची जमीन बेताची, शिक्षण बेताचं आणि बोलणं त्याहून बेताचं. त्याच्याकडे होतं ते एक नाव. सयाजी म्हणजे खरं माप. तेवढ्यावर संस्था चालली होती आणि तेवढ्यावर तो गावात ताठ मानेनं चालत होता.

आणि दिवाळीला फरक. दूध संघाला वर्षाअखेर जे उरतं, त्यातला वाटा गावोगावच्या संस्थांकडे येतो आणि ज्यानं जेवढं दूध घातलं त्या मानानं त्याला वाटला जातो. त्याला आमच्याकडे फरक म्हणतात. पोरांचे कपडे, फटाके, लेकीची भाऊबीज, सगळं त्या फरकावर. मांडव घालतात, लाडू वाटतात, आणि सगळ्यात जास्त दूध घालणाऱ्याला स्टीलची घागर, टॉवेल, नारळ देऊन सत्कार करतात. गावात या घागरीला मान आहे. लग्नाची बोलणी करताना लोक सांगतात, "आमच्याकडं तीन घागरी हायत."

तर अशा माणसाकडे त्याचा पुण्याचा साडू पृथ्वीराज जत्रेला आला.

पृथ्वीराजचा धंदा म्हणजे एका पोकर कंपनीला गिऱ्हाईक आणून देणं. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा इंग्रजी शिकलेला भाऊ. मोबाइलवर टेबल मांडायचं, अनोळखी सहा-आठ जण बसायचे, पैसे लावायचे. कंपनी स्वतः खेळत नाही. ती फक्त प्रत्येक डावातनं चिमूटभर काढून घेते. आमच्याकडे चिंचेखाली पत्ते बसवणारा काढतो तशीच ही नाल. जिंको कुणीही, हरो कुणीही, नाल काढणारा कधीच हरत नाही. आता ज्याच्या लिंकवरनं, म्हणजे ज्याचा कोड टाकून, माणूस खेळायला आला, त्याला त्या माणसाच्या नालेतला वाटा महिन्याच्या महिन्याला मिळतो. आणि आपली माणसं दुसऱ्याच्या लिंकवर पळू नयेत म्हणून तो त्यातला थोडा वाटा खेळणाऱ्याला परत देतो. पुण्यात त्याला रेकबॅक म्हणतात.

जत्रेचं मटण चापून आम्ही ओसरीवर बसलो होतो. सयाजीनं एवढंच विचारलं, "तू ह्यातलं स्वतः किती खातोस?"

"जमंल तेवढं," पृथ्वीराज हसत म्हणाला. "समोरच्याला कुठं ठाव असतंय मला किती मिळतंय ते!"

सयाजीला हे खटकलं. आणि तिथंच त्याच्या डोक्यात तो प्रकाश पडला, ज्याच्यासाठी मी त्याला आजही मनातल्या मनात चार शिव्या देतो. तो म्हणाला, "म्हंजी ही आपली संस्थाच की रं भाऊ. कंपनी म्हंजी संघ. कोड म्हंजी संस्था. ह्यो परत येणारा पैसा म्हंजी फरक. फक्त मधला सेक्रेटरी चोर हाय. सेक्रेटरी सरळ असला तर लोकांचा फायदाच हाय की!"

मी म्हणालो, "आरं येड्या, दूध घालणारा घरनं काय घिऊन येतो?"

"दूध."

"आन् हितं घरनं काय घिऊन येणार?"

"पैसं."

"आन् नेणार काय?"

तो विचार करून म्हणाला, "पैसंच. जरा कमी." इतका सरळ माणूस! आणि मग म्हणाला, "पन भाऊ, खेळणारी खेळतातच हायत. आपली पोरं त्या पृथ्वीसारख्यांच्या कोडवर खेळली तर ती नाल कायमची गेली. माझ्या कोडवर खेळली तर परत तरी यील."

हे वाक्य मी त्यानंतर दोनशे वेळा ऐकलं असेल. खेळणारे खेळतातच. दारूच्या दुकानदारापासून मटक्याच्या एजंटापर्यंत सगळे हेच म्हणतात, पण त्यांच्या तोंडी ते ऐकून कुणी फसत नाही. सयाजीच्या तोंडी ते ऐकलं की खरं वाटायचं, आणि वीट आला तो त्याचा.

कारण आमच्या गावात खेळणारे नव्हतेच! चार टवाळ होते, ते चिंचेखाली बसायचे आणि त्यांना घरचे हाणायचे. पुण्याच्या कुठल्या कोडला गावानं विचारलंही नसतं. मोबाइलवरच्या पैशाच्या खेळाला लोक भ्यायचे, म्हणायचे, फसवतात. पण सयाजीनं कंपनीकडून स्वतःचा कोड घेतला, आणि सयाजीचा कोड म्हटल्यावर भीती कसली? निवृत्त सुभेदार आले, शाळेचे शिपाई आले, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आला. सयाजीनं या खेळणाऱ्यांचा मोबाइलवर ग्रुप काढला आणि त्यावर उघड लिहिलं, मला कंपनीकडून इतकं मिळतं, त्यातलं मी इतकं ठेवतो, बाकी सगळं तुमचं. ठेवायचा तेही नावापुरतं. आख्ख्या जिल्ह्यात असा एजंट नसेल. एखाद्या लबाडाच्या नादाला चार लोक लागले असते आणि दोन महिन्यांत त्याला चोप देऊन मोकळे झाले असते. सयाजीच्या मागे आख्खं गाव गेलं.

बरं, पुण्यात हा पैसा आठवड्याच्या आठवड्याला देतात. सयाजीनं तो संस्थेच्या शिरस्त्यानं दिवाळीपर्यंत साठवला. "हातात सुट्टा आला की उडून जातो," म्हणाला. झालं! लोकांच्या डोक्यात दिवाळीचा फरक पक्का बसला. हरला तरी माणूस म्हणायचा, दिवाळीला परत आहे. जास्त खेळला की जास्त फरक. म्हणजे फरक वाढवायला लोक खेळायला लागले, जशी फरक वाढवायला आणखी एक म्हैस घेतात. गावाचा खेळ वाढला तशी कंपनीनं सयाजीची टक्केवारी वाढवली. त्यानं ती जशीच्या तशी पुढे वाटायची ठरवली, म्हणून लोक आणखी खेळले. सयाजी मला उत्साहानं सांगायचा, "भाऊ, आपलं संकलन लय वाढलं." दुधाचा शब्द पत्त्याला लावायचा. मी पेंडीचं पोतं त्याच्या डोक्यात घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

यातला सगळ्यात मोठा भिडू म्हणजे ऋषिराज, माझा भाचेजावई. माझी भाची अंकिता त्याला दिलेली, इथेच खालच्या गल्लीत. अंकितानं घरी चार म्हशी उभ्या केल्या. दावणीला मुरघास, वेळेवर डॉक्टर, सगळं तिचं. दूध ती घालायची आणि बिल ऋषिराजच्या खात्यावर जमा व्हायचं, कारण संस्थेचा सभासद तो. आमच्याकडे सगळीकडे हेच आहे. दूध घालायला रांगेत बायका आणि संस्थेच्या सभासदांत नवरे. ऋषिराज माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर अंगठा फिरवत असायचा. मी टोकलं की म्हणायचा, "मामा, कौशल्याचा खेळ हाय. आन् वरनं फरक हाय." याचं कौशल्य मला ठाऊक होतं. याला शाळेत पाढे येत नव्हते.

दिवाळी आली. वसुबारसेच्या सकाळी संस्थेपुढे मांडव पडला. उदयसिंह चेअरमन खुर्चीवर, सयाजी माइकवर. आधी दुधाचा फरक वाटून झाला. मग घागर. यंदाचं उच्चांकी दूध कुणाचं? ऋषिराजचं! तो उठला, टॉवेल खांद्यावर घेतला, घागर घेऊन फोटो काढला. ज्या बाईनं पहाटे उठून वर्षभर धारा काढल्या ती बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो!

नारळ फुटला, लाडवांचे पुडे फिरायला लागले. तेवढ्यात सयाजीनं पुन्हा माइक घेतला. "आता आपल्या पोकर ग्रुपचा फरक. आन् ह्यात बी उच्चांकी फरक ज्याचा, त्याचा सत्कार हाय." मी जागेवरनं हात हलवले, नको नको म्हणून. त्यानं मलाच हसून हात केला. आणि पुकारलं, "ऋषिराज!"

मांडवात हसण्याची नि टाळ्यांची धमाल उडाली. एका घरात दोन घागरी! अंकितानं लाजून पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, नवऱ्यानं काहीतरी जिंकलं. सगळ्याच बायकांना तसं वाटलं.

पुढच्या ओळीत राहीबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी एकच म्हैस. त्यांनी तिथनंच विचारलं, "सयाजी, ह्येनं किती जिंकलं रं?"

आता कुणीही शहाणा माणूस 'लय जिंकलं काकू' म्हणाला असता आणि पुढचा विषय घेतला असता. पण तो सयाजी होता. तो माइकवर म्हणाला, "काकू, हे जिंकल्याचं न्हवं. ह्येच्याकडनं वरसभरात जी नाल गेली, तिचा तिसरा हिस्सा परत आलाय."

"म्हंजी दोन हिस्से गेले कुठं?"

"कंपनीकडं. त्यातलं उलीसं मला."

"आन् डावात गेलं असंल ते?"

"ते येगळं, काकू."

"किती?"

ऋषिराज नारळ धरून उभा होता. त्याचा चेहरा उतरला, त्यानं डोळ्यांनी सयाजीला खुणावलं. सयाजीला त्याच्या मोबाइलवर आपल्या प्रत्येक माणसाची हारजीत दिसायची. विचारलं आणि त्यानं सांगितलं नाही, असं आयुष्यात झालं नव्हतं. त्यानं मोबाइल काढला, चष्मा लावला आणि फॅट वाचावं तसा तो आकडा माइकवर वाचला.

राहीबाईंनी बोटांच्या पेरांवर हिशोब केला. त्यांच्या आवाजाला माइकची गरज नव्हती. "आत्ता गं बया. म्हंजी ह्या अंकीचं वरसाचं समदं दूध गेलं की."

अंकिता उठली आणि कुणाकडे न बघता मांडवाबाहेर गेली. लाडवाचा पुडा तिथेच राहिला. मग दुसरी बाई उठली, तिनं आपल्या नवऱ्याला विचारलं, "तुमचं किती गेलंय?" तिसरीनं थेट सयाजीलाच विचारलं. आणि सयाजी एकेकीला आकडा सांगत राहिला. मी जाऊन माइकची वायर ओढली तेव्हा कुठे तो थांबला. मला म्हणतो, "का रं? इचारतायत तर खरं सांगाया नगो?"

दुपारी मी अंकिताकडे गेलो. ऋषिराज घरात नव्हता. ती गोठ्यात म्हशीच्या अंगावर पाणी मारत होती. मी ऋषिराजला दोन शिव्या घातल्या, तर ती म्हणाली, "मामा, त्यांचा राग हायच. पन सयाजीकाकाचा जास्त आलाय. मी ह्यास्नी इचारलं हुतं, मोबाइलवर काय करताय म्हणून. म्हणाले, सयाजीकाकाचं काम हाय. मी लगीच गप बसले. सयाजीकाकाचं म्हणल्यावर आणि काय इचारायचं?"

तिथनं निघालो तो तडक सयाजीकडे. तावातावानं म्हणालो, आत्ताच्या आत्ता तो कोड बंद कर. तो पटकन 'व्हय' म्हणाला. खरंच म्हणाला. त्याला बायकांचं रडणं बघवलं नव्हतं. पण सुटका होईल तर तो सयाजी कसला! दिवे लागायच्या आत ग्रुपचे पंधरा-वीस जण त्याच्या दारात हजर. सुभेदार पुढे. "सेक्रेटरी, तुमी सोडलं तर आमाला चोराच्या कोडवर जावं लागंल. एक पैसा परत मिळायचा न्हाई. तुमी आमाला वाऱ्यावर सोडनार?" झालं, याचं मन परत डळमळलं. चोराच्या ताब्यात माणसं द्यायची कशी? मी कपाळाला हात लावला.

तिकडे बायकांनी एकच मागणी धरली. सयाजीनं एक काय ते ठेवावं, मशीन नाहीतर पत्ते. सयाजीनं ती मागणी आनंदानं कबूल केली आणि म्हणाला, "सभेत ठरू दे. संस्था लोकांची हाय." त्याच्या नावाचा निकाल त्यानं आपण होऊन सभेवर सोपवला. तिथं कोण बसणार आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सभा मंदिरात भरली. बायका पायरीपर्यंत आल्या. अंकिता पुढे होती. ती बोलायला लागली तसा उदयसिंहांनी हात वर केला. "पोरी, तुझ्या नावावर शेअर हाय का? न्हाई. तुझा मालक बसलाय हितं, त्येला बोलू दे." आणि तिचा मालक मान खाली घालून बसला होता. दूध घालणाऱ्या शंभरावर बायकांत सभासद फक्त राहीबाई, तेही नवरा वारल्यावर त्याचा शेअर त्यांच्या नावावर चढला म्हणून. आमच्याकडे बाईला बोलायचा हक्क मिळायला नवरा जावा लागतो.

राहीबाई उठल्या. म्हणाल्या, "सयाजी चोर हाय आसं मी म्हणत न्हाई. चोर आसता तर बरं झालं आसतं. चोराच्या दारात आमची मानसं गेलीच नसती. ह्यानं दार उगाडलं, दिवा लावला, आन् म्हणाला, या, हितं फसवणूक न्हाई. फसवणूक नसंना का, घर बुडालं ते बुडालंच न्हवं?"

कुणीतरी मागनं ओरडलं, "म्हातारे, बस खाली." मी उठून त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग सयाजी बोलला. त्यानं कंपनीकडून काय आलं, स्वतः काय ठेवलं, कुणाला काय दिलं, सगळं पैशा-पैशानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी कुणाचा एक रुपया खाल्ला आसंल तर दाखवा." कोण काय दाखवणार? खाल्लाच नव्हता. मंदिरात टाळ्यांचा कडकडाट झाला. उदयसिंहांनी हात वर करायला सांगितले. सेक्रेटरींनी दोन्ही कामं चालू ठेवावीत, कोण कोण बाजूचं आहे? सगळं मंदिर हातांनी भरून गेलं. ऋषिराजचा हातसुद्धा वर होता, आणि अंकिता पायरीवरनं बघत होती. विरुद्ध म्हणून राहीबाईंचा हात, माझा आणि एका शाळामास्तराचा. सयाजीच्या गळ्यात हार पडला, कपाळाला गुलाल लागला. सुभेदारांनी त्याला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. मला म्हणाला, "भाऊ, लोकांनी इस्वास दाखवला." मी त्याच्या कपाळाचा गुलाल बघत राहिलो आणि घरी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा संस्थेत मशीन चालू होतं, काटा पुसलेला होता, दुधाचे कॅन ओळीनं मांडलेले होते. सयाजी खुर्चीवर बसला होता. रांग नव्हती. मला वाटलं, थंडी आहे, उशीर झाला असेल. मग रस्त्यानं बायका जाताना दिसल्या. हातात किटल्या. सगळ्या फाट्याकडे चालल्या होत्या. फाट्यावर खासगी डेअरीची गाडी थांबते. त्या गाडीवाल्याचा दर दोन रुपयांनी कमी, फॅटमध्ये तो हात मारतो हे पोराटोरांनाही ठाऊक, आणि दिवाळीला फरक वगैरे काही नाही. पण तो रोजचे पैसे रोज देतो आणि किटली घेऊन आलेलीच्या हातात देतो.

राहीबाई दुकानासमोरनं जात होत्या. मी न राहवून म्हणालो, "आवं काकू, त्यो गाडीवाला मापात मारतोय."

"मारू दे," त्या चालता चालता म्हणाल्या. "त्यो चोर हाय ह्ये आमाला म्हाईत हाय. आमी त्येच्यावर डोळा ठिवू. सयाजीवर कोन ठिवला हुता?"

पलीकडच्या दोन गावांतल्या बायकाही आल्या नाहीत. म्हशी राखणारे एक-दोन बाप्ये आले, कसंनुसं हसत दूध घालून गेले. त्यात संस्थेचा एक कॅनसुद्धा भरेना. सयाजी उठून माझ्या पायरीवर आला. त्यानं दाढी केलेली नव्हती आणि कपाळाला कालचा गुलाल तसाच होता.

"भाऊ, माझं चुकलं कुठं ते तरी सांग," तो म्हणाला. "मी कुनाला खेळ म्हणलं न्हाई, कुनाचं लपवलं न्हाई. फॅट बी खरं सांगितलं आन् हे बी खरंच सांगितलं."

माझा पारा चढलाच होता. मी म्हणालो, "आरं, त्या कंपनीनं तुला पैसं कशाचं दिलं? तुला काय पत्त्यातलं कळतंय? तू त्येंना तुझं नाव इकलंस! बायांनी तुला खरा म्हणून जो इस्वास दिला, त्यो तू त्येंच्या दारात नेऊन मांडलास. आन् वर म्हणतोस, मी उलीसंच घेतलं. आरं, जास्त तरी घ्यायचं हुतंस!"

माझं म्हणणं त्याला पटलं की नुसतं लागलं, मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात त्याच्या घराकडनं वहिनी येताना दिसल्या. डोक्यावर पदर, हातात किटली. सयाजी लगबगीनं आत गेला, चमचा धुतला, मशीनपाशी उभा राहिला. घरचं तरी दूध येतंय, एवढा दिलासा त्याच्या तोंडावर दिसला.

वहिनी संस्थेच्या दारावरनं सरळ पुढे निघाल्या.

"अगं," तो दारात येऊन म्हणाला, "कुठं निघालीस? माझ्या मापावर तुझा बी इस्वास ऱ्हायला न्हाई व्हय?"

वहिनी थांबल्या. त्यांनी किटली ह्या हातातनं त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "आवं, तुमचं माप खरं हाय. म्हणूनच तर भ्या वाटतंय."

आणि त्या बाकीच्या बायकांना गाठायला भराभरा फाट्याकडे गेल्या.